एक-शून्य, म्हणजे नऊ-पाच

आमच्या प्लास्टरचाचांनी जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नाही आणि अमेरिकेत कधी पाऊल टाकलं नाही. म्हणूनच या दोन विषयांवर त्यांच्याइतकं छातीठोक बोलणारा माणूस सबंध आखातात दुसरा झाला नसेल. पाय लावलेल्या माणसाला थोडी शंका असते, पाऊल टाकलेल्याला थोडी भीड असते. चाचांना दोन्हींची बाधा नव्हती. श्रीवर्धनकडच्या एका खाडीकाठच्या गावातून ते तरुणपणी कुवेतला आले, एका हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये नोकरीला लागले आणि पुढची तीसेक वर्षं लोकांची मोडलेली हाडं गुंडाळत राहिले. माझ्या हाताखालून जेवढे पाय गेले तेवढे कुठल्या मैदानावरूनही गेले नसतील, असं ते सांगत. त्यामुळे फुटबॉल हा आपल्या खात्याचा विषय आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अमेरिका त्या खात्यात कशी शिरली, ते पुढे येईलच.

त्यांची माझी ओळख माझ्या घोट्यानं करून दिली. मी कुवेत सिटीतल्या एका कंपनीत नकाशे काढतो. राई नावाच्या गोदामांच्या भागात एका गोदामाची मापं घ्यायला गेलो होतो, तिथं शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या मला एकच वाटल्या. तासाभरात मी प्लास्टर-रूमच्या टेबलावर आडवा होतो आणि पांढऱ्या ॲप्रनमधला, मेंदीनं लाल झालेल्या दाढीचा एक बुटका माणूस माझा पाय दोन्ही हातांत धरून, हापूस पारखावा तसा पारखत होता. "कुठला?" त्यांनी विचारलं. पुण्याचा, म्हटलं. "मग घोटा खराच मोडलाय ना, की नुसतं तुझं मत हाय?" मी हसायला गेलो आणि त्याच क्षणी त्यांनी पाय सरळ केला. मी केवढ्यानं ओरडलो ते मला आठवत नाही, पण बाहेरची नर्स डोकावून गेली. चाचा मात्र खूश झाले. "ओरडलास ना? मग काळजी नाय. खरं मोडलं की माणूस गप्प होतो." हे त्यांचं आयुष्यभराच्या अनुभवाचं सार होतं आणि फुटबॉलवरची त्यांची अर्धी टीका त्यातूनच निघालेली होती. पडद्यावर एखादा खेळाडू गवतात लोळत बोंब मारायला लागला की चाचा तुच्छतेनं म्हणत, "उठ रे. तुझं हाड जाग्यावर हाय, लाज तेवढी हाललीय."

प्लास्टर वाळत आलं की त्यावर ते कधी काढायचं ती तारीख लिहायची, हा तिथला नियम. चाचा ती तारीख इंग्रजी आकड्यांत नीट लिहीत आणि मग तिच्याखाली, नियमाबाहेर, त्या आठवड्याच्या मॅचचं आपलं भाकीत लिहीत. भाकीत ही खाजगी गोष्ट असल्यामुळे ते मराठी आकड्यांत असे. "अरबी मी फाडफाड वाचतो," ते म्हणत, "पण घाई झाली की हात मराठी शाळेत जातो." आणि भाकीत कायम एकच. समोर कुणीही खेळो, कुठलाही देश असो, मैदान कोरडं असो नाहीतर ओलं, चाचा लिहीत: १–०. दोन-एक नाही, तीन-दोन नाही. "एक गोल पुरतो, पुणेकर. बाकी सगळी हौस." माझ्या घोट्यावरही त्यांनी हेच लिहिलं आणि दीड महिना मी ते भाकीत पायावर वागवत ऑफिसला गेलो. ती मॅच केव्हाच होऊन गेली होती आणि भाकीत साफ चुकलं होतं, हे मला पुढे कुणीतरी सांगितलं.

हा रिवाज वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता, पण माझ्या घोट्याच्या बऱ्याच आधी एका कुवेती तरुणाच्या नडगीनं त्याला वेगळंच वळण दिलं. तो पोरगा आपल्या भागाच्या टीममधून खेळताना पडला होता आणि त्याच टीमची पुढची मॅच दोन दिवसांवर होती. चाचांनी नेहमीप्रमाणे लिहिलं, १–०. आता गंमत अशी, की मराठीतला एक अरबी डोळ्याला नऊ दिसतो. आणि शून्य म्हणजे अरबीत नुसता ठिपका. गोल काढला की तो पाच होतो. पोरानं पायाकडे पाहिलं, डोळे मोठे केले आणि चाचांचा हात धरून म्हणाला, "तिसा-खम्सा? नऊ-पाच? खरंच?" चाचांना काय झालं ते कळायला एक क्षण लागला. पण मोडक्या माणसाची आशा मोडायची नाही, हाही त्या खोलीचा एक नियम होता. ते म्हणाले, "इन्शाल्ला." ती मॅच त्या टीमनं खरोखर एक-शून्यनं जिंकली. पोरगा कुबड्यांवर खजुराची पेटी घेऊन हजर. "आठ गोल अजून यायचे आहेत," म्हणाला, "पण जिंकलो!" तेव्हापासून सगळं हॉस्पिटल चाचांना तिसा-खम्सा म्हणून ओळखू लागलं. घरी त्यांनी ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांची आठ वर्षांची मुलगी उचकी लागेपर्यंत हसली, आणि त्या घराला एक नवा शब्द मिळाला. कुठलीही लहानशी जीत झाली की ती नऊ-पाच. गणितात पास झाली, नऊ-पाच. बिघडलेला एसी आपोआप सुरू झाला, नऊ-पाच. चाचींनी सुरमई तळली आणि एकही तुकडा मोडला नाही, नऊ-पाच. ती मुलगी कुवेतच्या सलवा भागात वाढली, इंग्रजी शाळेत शिकली. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत द्यायची. मराठी लिहायला तिला कधी आलं नाही. आकडे तेवढे आले, तेही वडिलांच्या प्लास्टरवरून.

मी त्या घरात जायला लागलो तोवर ती शिकायला अमेरिकेला जाऊन, तिथंच लग्न करून, एका मुलीची आईही झाली होती. आणि चाचांच्या दिवाणखान्यात एकाऐवजी दोन टीव्ही होते. दुसरा तिच्या विमानाच्या मागोमाग आला, असं चाची म्हणत. "पोरगी द्यायची तर त्या गावाचं पाणी कसं हाय ते नको बघायला?" हा चाचांचा सवाल. गावाचं पाणी म्हणजे अमेरिकेचं राजकारण. दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर, जेवणं झाली की ते दोन्ही टीव्ही लावत. डावीकडे फुटबॉल, आवाज बंद. उजवीकडे अमेरिकेच्या बातम्या, आवाज चालू.

त्या शुक्रवारच्या दुपारी आता आठवल्या की त्या मी जागेपणी पाहिल्या की झोपेत, हे मला सांगता येत नाही. बाहेर धूळ उठलेली असायची, खिडक्यांचे पडदे ओढलेले, आणि पडद्यांतून येणारा उजेड फिकट हळदीच्या रंगाचा. एसीची एकसुरी घरघर. पोटात चाचींच्या हातचा भात आणि कोलंबी. डोळे जड व्हायचे आणि हळूहळू दोन्ही टीव्ही एक व्हायचे. डावीकडे एक काळा उंच पोरगा बॉल घेऊन निघायचा आणि उजवीकडून कुणी सिनेटर त्याच्याबद्दल बोलतोय असं वाटायचं. हा कर कमी करणार, हा सीमेपाशी अडणार, याला बहुमत नाही. आणि खरोखरच तो पोरगा रेषेपाशी अडायचा. हिरवं गवत, त्यावर सरकणारे रंगीत ठिपके, आणि कुठल्या तरी थंड देशातल्या लोकांचं तावातावानं चाललेलं भांडण. मध्येच चाचांचा आवाज यायचा, तोही मिटल्या डोळ्यांनीच, "हा ऑफसाइड हाय." कोण, हे विचारायची सोय नसे. विचारलं तर म्हणत, "दोन्हीकडे."

अमेरिकेतल्या पक्षांची नावं त्यांनी कधी उच्चारली नाहीत. एक हत्ती, एक गाढव. निशाण्या होत्या त्याच पुरेशा होत्या. "एवढा थोरला देश आणि मैदानात टीम दोनच? आमच्या ग्रामपंचायतीला पाच पॅनल उभी राहतात." जास्त मतं मिळूनही तिथं माणूस हरू शकतो, या गोष्टीनं भले भले चक्रावतात; चाचांना ती चटकन पटली होती. "सगळा वेळ बॉल तुझ्या पायात, आणि गोल समोरच्याचा. ह्यात न समजण्यासारखं काय हाय?" पुढाऱ्यांच्या वयाबद्दल मात्र त्यांची तक्रार धंद्याची होती. "निवडून द्यायच्या आधी गुडघ्यांचा एक्स-रे काढा म्हणावं. चालताना बघतो ना मी. आमच्याकडे असल्या माणसाला वॉकर देतात, देश नाय देत." एकदा तर मनगट मोडलेला एक अमेरिकन इंजिनिअर त्यांच्या टेबलावर आला. कापूस गुंडाळता गुंडाळता चाचांनी त्याला शांतपणे विचारलं, हत्ती की गाढव? तो बिचारा कळवळत म्हणाला की आपण कधी मतच देत नाही. चाचांनी पट्टी घट्ट केली आणि म्हणाले, "मग तुला हाताची घाई नाय. आरामात बरा हो."

त्यांचा खरा राग होता तो क्लब बदलणाऱ्या खेळाडूंवर. एखादा आपला लाडका खेळाडू नव्या जर्सीत दिसला की चाचा टीव्हीकडे पाठ करून बसत. "जर्सी बदलणाऱ्याचा पहिला गोल जुन्या टीमवरच असतो." हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल, आणि शंभरही वेळा हसलो असेन. एकशे एकाव्या वेळी नाही हसलो.

तो अमेरिकेतल्या निवडणुकीच्या आधीचा शुक्रवार होता. दर शुक्रवारी चार वाजता मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, तिच्याकडे सकाळ असायची. त्या दिवशी ती कोटावर एक छोटा गोल स्टिकर लावून पडद्यावर आली. महिन्यापूर्वीच ती तिथली नागरिक झाली होती आणि, तिकडे निवडणुकीच्या तारखेआधीच मत देता येतं म्हणून, आदल्या दिवशी तिनं आयुष्यातलं पहिलं मत दिलं होतं. "अब्बा, आय व्होटेड! नऊ-पाच!" ती म्हणाली. चाचांनी विचारलं, हत्ती की गाढव? ती हसून म्हणाली, सांगणार नाही. "नको सांगू. दोन्ही ऑफसाइड हायत," चाचा म्हणाले. इथवर सगळं नेहमीसारखं होतं. मग ते म्हणाले, "पण जर्सी बदललीस ना शेवटी? आता आमच्यावर पहिला गोल कधी?"

मी शेजारीच बसलो होतो. तिचं हसू जागच्या जागी थांबलेलं मी पाहिलं. "अब्बा, इट्स नॉट अ मॅच," ती हळू आवाजात म्हणाली. "आय लिव्ह हिअर." आणि मग, तितक्याच हळू, इंग्रजीतच म्हणाली की तुम्ही तीस वर्षं तिथं राहिलात, तुम्हाला कुणी जर्सी दिली नाही, मला इथं दिली, मी घातली. त्यानंतर पडदा काळा झाला. चाचा म्हणाले, नेट गेलं असेल. चाची कप उचलून आत गेल्या.

पुढच्या शुक्रवारी चार वाजले, सव्वाचार झाले, कॉल आला नाही. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी नाही. आईच्या फोनवर ती निरोप पाठवत होती, नातीचे फोटोही येत होते, पण ते चाचींच्या फोनवर. वडिलांशी एक शब्द नाही. आणि वडिलांचंही तेच. खरी गोम अशी होती, की येत्या उन्हाळ्यात चाचांची नोकरी संपत होती. तीस वर्षांचं सलव्यातलं घर रिकामं करून दोघं गावी परतायची होती, आणि त्याआधी मुलगी नातीला घेऊन येणार, आपण जिथं वाढलो ती खोली तिला दाखवणार, असं कधीचं ठरलं होतं. आता त्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. चाचींनी भांडी बांधायला काढली होती आणि मुलीच्या खोलीचं दार मात्र तसंच बंद ठेवलं होतं.

मी गेलो तेव्हा उजवीकडचा टीव्ही बंद होता. डावीकडे मॅच चालली होती, आवाज नव्हताच. सबंध दिवाणखान्यात एसीशिवाय आवाज नाही. एक खेळाडू पडला, लोळला, चाचा काहीच म्हणाले नाहीत. मला ते सहन होईना. मी मुद्दामच म्हटलं, "चाचा, हा ऑफसाइड होता का हो?" ते म्हणाले, "असंल." असंल! ज्या माणसाला कधी कसली शंका आली नव्हती तो असंल म्हणाला, तेव्हा मी खरा घाबरलो. त्याच आठवड्यात त्यांच्या प्लास्टर-रूममधली नर्स मला भेटली. तिनं सांगितलं, तिसा-खम्सा आता प्लास्टरवर नुसती तारीख लिहितो. खाली काही नाही. पेशंट विचारतात, तर म्हणतो, मार्करची शाई संपली.

चाचींच्या सांगण्यावरून मी एकदा विषय काढला. म्हटलं, एक फोन करा ना. चाचांनी बंद टीव्हीवरची धूळ हातानं पुसली. "मी बोललो ते चूक नव्हतं, पुणेकर," ते म्हणाले. "कोणाला बोललो, ते चूक." मग फोन का करत नाही, म्हटलं. तर म्हणाले, "काय सांगू करून? मना दुसरं काय बोलता येतंय? फुटबॉल आणि अमेरिका. दोन्ही तिलाच लागलेत." मला खूप वाईट वाटलं. माणसाकडे शब्दांची एवढी मोठी फौज असावी आणि त्यातला एकही शब्द स्वतःच्या मुलीकडे पाठवता येऊ नये.

असे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. मग एका दुपारी, बाहेर तीच पिवळी धूळ आणि आत तीच अर्धवट झोप, चाची आतून धावत आल्या. नात फुटबॉल खेळताना पडली होती. हात मोडला होता, प्लास्टर झालं होतं, आता ठीक होती. मुलीनं फोटो पाठवला होता. चाचांनी फोन हिसकूनच घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो मोठा केला. जांभळ्या रंगाचं प्लास्टर, त्यातून निघालेली पाच बोटं, आणि वर एक दात पडलेलं हसू. "जांभळं?" चाचा कडाडले. कितीतरी दिवसांनी कडाडले. "हा काय लग्नाचा मंडप हाय? कोपर बरा वाकवलाय. अंगठा मोकळा ठेवलाय, शाबास. पण कडेला कापूस कमी घातलाय, बघ, तिला टोचणार हाय..." आणि बोलता बोलता ते थांबले. मी वाकून पाहिलं. मनगटाच्या थोडं वर, काळ्या मार्करनं, मुलीच्या, कित्येक वर्षांत मराठी आकडा न गिरवलेल्या हातानं दोन आकडे काढले होते. एक जरा वाकडा होता, शून्य जरा चपटं. १–०.

चाचा गप्प झाले. इतके, की चाचींनी घाबरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता फोन स्पीकरवर टाकून नंबर लावला. पलीकडे पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. ती फोन हातात धरूनच बसली असावी.

"तारबीर घालून खाजवू देऊ नको तिला," चाचा म्हणाले. इतक्या आठवड्यांनंतरचं पहिलं वाक्य. "आणि हात उंच ठेव. उशीवर."

"ओके, अब्बा."

चाचांनी घसा साफ केला. "बघितला मी स्कोअर," ते म्हणाले. "बरोबर हाय. एक तुझा. माझं शून्य. हरलो मी."

पलीकडे ती हसली की रडली ते मला कळलं नाही. आणि ज्या मुलीला मी कधी सबंध मराठी वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं ती अडखळत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "मराठीत नका वाचू, अब्बा. अरबीत वाचा. तुम्हाला पाच मिळतात."

चाचांनी फोन चाचींच्या हातात दिला आणि तोंड धुवायला निघून गेले. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आले ते थेट उजवीकडच्या टीव्हीपाशी गेले आणि तो लावून म्हणाले, "बघू तरी, माझ्या पोरीच्या देशात काय गोंधळ चाललाय."

ती आली त्या उन्हाळ्यात. बंद खोलीचं दार तिनंच उघडलं. नातीचा हात तोवर बरा झाला होता, पण ते जांभळं प्लास्टर तिनं कापून आणलं होतं, आजोबांनी तपासावं म्हणून. चाचांनी कापसाबद्दल पुन्हा एकदा अमेरिकेला नावं ठेवली. मग एके सकाळी घर रिकामं झालं, दोन्ही टीव्ही कुणाकुणाला दिले गेले, आणि सलव्यातल्या त्या खिडकीला आता दुसऱ्या कुणाचे तरी पडदे आहेत. शुक्रवारी दुपारी मला अजूनही झोप येते, पण तशी नाही येत. माझ्या घोट्याचं प्लास्टर काढलं तेव्हा भाकिताचा तुकडा मी गमतीनं ठेवून घेतला होता. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, कडा झिजल्यात, शाई तपकिरी झालीय. एखादा दिवस फारच वाईट गेला, की मी तो काढतो आणि अरबीत वाचतो.